यंत्रसाक्षरता आणि संदेशसाक्षरता : अफवांच्या काळातील अध्यापनाची चिकित्सा

प्रस्तावना :

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरातून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून सर्वत्र पसरली होती आणि त्याच संशयाचे ते बळी ठरले.

वाशीम जिल्हा राईनपाड्यापासून दूर आहे. परंतु आठवडी बाजार, गावोगाव फिरून पोट भरणारे समाज आणि हातोहाती पोहोचलेला मोबाईल हे तिन्ही घटक येथेही आहेत. पोहरादेवी, कारंजा व शिरपूर या तीर्थस्थळांमुळे परगावचा माणूस या जिल्ह्याला नवखा नाही. त्या परक्या माणसाची सुरक्षितता येथील विद्यार्थी संदेश कसा वाचतो यावरही अवलंबून आहे. या दृष्टीने प्रचलित डिजिटल साक्षरतेच्या शिक्षणाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रचलित शिक्षणाचे स्वरूप :

महाराष्ट्रात २००१ पासून सुरू असलेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकाची भीती घालविली, हे मान्य केले पाहिजे. पुढे २०१७ मध्ये केंद्र शासनाने प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान हाती घेतले. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला साक्षर करण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. मार्च २०२४ अखेर ते संपले, तेव्हा प्रशिक्षितांची संख्या ६.३९ कोटींवर गेली होती. या अभियानाचा अभ्यासक्रम वीस तासांचा होता. उपकरण हाताळणे, इंटरनेटवर माहिती शोधणे, ई-मेल पाठविणे, शासकीय सेवा मिळविणे आणि रोखरहित व्यवहार करणे हा त्याचा गाभा होता.

या शिक्षणाचा भर संदेश कसा पाठवावा यावर राहिला. तो पाठवावा की नाही, हा प्रश्न मात्र त्याच्या केंद्रस्थानी कधीच आला नाही. यंत्र चालविता येणे म्हणजेच साक्षर होणे, हे गृहीत या योजनांच्या मुळाशी आहे. राईनपाड्यासारखी घटना ते गृहीत खोटे ठरविते, कारण अफवा पुढे पाठविणाऱ्यालाही मोबाईल चालविता येतच असतो.

तथ्यपडताळणीची मर्यादा :

यावर तथ्यपडताळणीचे तंत्र शिकवावे, असा उपाय सुचविला जातो. त्याची गरज निर्विवाद आहे. २०१८ मध्ये देशभर फिरलेली अपहरणाची एक चित्रफीत मुळात कराचीतील एका संस्थेने बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी तयार केली होती. मोटारसायकलस्वार मुलाला परत आणून सोडतात आणि जनजागृतीचा फलक दाखवितात, हा तिचा शेवटचा भाग कापून ती खरी घटना म्हणून पसरविण्यात आली. चित्रफीत कोठून सुरू होते आणि कोठे तोडली आहे, हे विचारण्याची सवय येथे उपयोगी पडली असती.

परंतु ही सवय एका व्याख्यानाने लागत नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात सुमित्रा बद्रिनाथन यांनी बिहारमध्ये केलेल्या क्षेत्रीय प्रयोगात सुमारे तासाभराच्या प्रशिक्षणाने लोकांच्या पारखण्याच्या क्षमतेत सरासरीने लक्षणीय फरक पडला नाही. याउलट, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर बिहारमध्येच १३ हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांसमवेत केलेल्या प्रयोगात चौदा आठवड्यांत चार सत्रे घेतली. त्याचा परिणाम स्पष्ट दिसला, काही महिने टिकला आणि विद्यार्थ्यांच्या पालकांपर्यंतही पोहोचला. एक दिवसाची कार्यशाळा घेऊन अहवाल व छायाचित्रे जोडणाऱ्या महाविद्यालयांनी हा फरक गांभीर्याने घ्यावा, असा आहे.

अफवेची जमीन :

याहून मूलभूत प्रश्न निराळाच आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पीत असल्याची वार्ता देशभर पसरली, तेव्हा व्हॉट्सॲप नव्हते. माध्यम अफवेला वेग देते; ती रुजते मात्र मनात आधीच तयार असलेल्या जमिनीत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण फिरस्त्यांविषयीचा संशय गेला नाही. राईनपाड्यातील संदेशाला पुरावा लागला नाही, कारण परक्या वेषाचा भिक्षेकरी हाच पुरावा मानला गेला.

म्हणूनच माध्यमसाक्षरता केवळ संगणक विभागाकडे सोपविणे अपुरे ठरते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ किंवा लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ शिकविणारा मराठीचा अध्यापक विद्यार्थ्याला संशयिताच्या बाजूने जग पाहावयास लावतो. हे पाहणे म्हणजे अफवेविरुद्धची पूर्वतयारीच होय. भाषा, इतिहास व समाजशास्त्र या विषयांचा येथे संगणकशास्त्राइतकाच अधिकार आहे.

अध्यापनाची रीतही बाहेरून आणावी लागणार नाही. वाशीममधील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. बाबा कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्न अधिक विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. हा संदेश कोणी पाठविला, त्याला कसे कळले, यात कोणाचे नुकसान आहे, असे प्रश्न विद्यार्थ्याच्याच तोंडून यावेत, ही त्या परंपरेशी सुसंगत पद्धती होय.

समारोप :

अर्थात, सारा भार वाचकावर टाकून कंपन्या व शासन यांना मोकळे सोडता येणार नाही. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात संदेश पुढे पाठविण्यावर पाच संवादांची मर्यादा घातली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. हे उपाय आवश्यकच आहेत. तथापि, बाजारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाभोवती गर्दी जमू लागते, तेव्हा तेथे अधिकारी पोहोचलेला नसतो. गावातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी मात्र असते. “थांबा, आधी विचारू या” एवढे वाक्य त्या क्षणी ठामपणे उच्चारता येणे, हीच या शिक्षणाची खरी परीक्षा होय.