‘ला विदा लोका’: कॅमेऱ्याला आत कोणी घेतलं?

परवा एका ज्युनिअरने विचारलं, “फील्डवर्कला ॲक्सेस मिळाला की अर्धं काम झालं ना?” मी त्याला ‘ला विदा लोका’ (२००८) बघायला सांगितलं. तुम्हीही बघा.

एल साल्वादोरच्या राजधानीला लागून सोयापांगो नावाचं शहर आहे. तिथल्या ला कांपानेरा या गरीब वस्तीत छायाचित्रकार ख्रिस्तियान पोवेदा सुमारे सोळा महिने ‘मारा १८’ टोळीतल्या मुलामुलींसोबत वावरला. फिल्ममध्ये निवेदन नाही. बेकरीत पाव भाजणारी, बाळाला खेळवणारी, चेहऱ्यावर गोंदवून घेतलेली पोरं दिसतात. मग गोळीचा आवाज येतो आणि पुढे अंत्ययात्रा. आकडेवारी जे सांगू शकत नाही ते इथे कळतं. इतका वेळ एका जागी थांबणं, ही या फिल्मची खरी ताकद.

पण संशोधक म्हणून दोन गोष्टी खटकतात.

पहिली, सॅम्पलची. तेव्हा आत जायला टोळीचीच परवानगी लागायची. दार उघडणाराच ठरवतो की तुम्ही काय बघणार. त्यामुळे टोळीला खंडणी देणारे दुकानदार, बसवाले, शेजारी फ्रेममध्ये जवळपास नाहीतच. शिवाय या टोळीचं मूळ लॉस एंजेलिसमध्ये आहे. यादवी युद्धातून पळालेल्या कुटुंबांची मुलं तिथे वाढली आणि नव्वदच्या दशकात अमेरिकेने त्यातल्या अनेकांना परत पाठवलं. हे कारण माहीत नसेल, तर हिंसा वस्तीतच उगवली असं वाटत राहतं.

दुसरी, संमतीची. चेहरे उघडे आहेत. कॅमेऱ्यासमोर ‘हो’ म्हणणं एका दिवसाचं असतं, पण फिल्म वर्षानुवर्षं फिरते. पोलीस बघतात, विरोधी टोळीही बघते. आपल्या फॉर्मवरची सही हा धोका मोजते का?

हा धोका फक्त चित्रित होणाऱ्यांनाच होता असंही नाही. २ सप्टेंबर २००९ रोजी पोवेदाची एल साल्वादोरमध्येच गोळ्या घालून हत्या झाली. त्यामुळे या त्रुटी लिहिताना हात जड होतो. तरी लिहायला हव्यात, कारण धाडसामुळे पद्धतीतली उणीव भरून निघत नाही.

म्हणून त्या ज्युनिअरला माझं उत्तर असं: ॲक्सेस मिळाला की काम अर्धं होत नाही, तिथून सुरू होतं. वहीच्या पहिल्या पानावर लिहा, मला आत कोणी घेतलं आणि त्यामुळे मला कोण दिसणार नाही.