तिचे नाव यादीत नव्हते

निवडणुकीच्या कामाला विटलेल्या माझ्यासारख्या मास्तराने निवडणुकीवरचाच चित्रपट दोनदा पाहावा, हे नवलच! बाबक पयामी या इराणी दिग्दर्शकाचा 'सिक्रेट बॅलट' (२००१) हा तो चित्रपट.

विमानातून छत्रीने मतपेटी उतरते. ओसाड बेटावर एक तरुण निवडणूक अधिकारी बाई आणि एक कुरकुरणारा सैनिक जीपमधून दिवसभर मते गोळा करीत हिंडतात. एकजण म्हणतो, मत देईन ते देवालाच. निर्मनुष्य वाळवंटात तांबडा दिवा दिसताच सैनिक गाडी थांबवतो. आधी हसू येते, मग ते टोचते.

मला ७ मे २०२४ आठवला. माझी शाळा बारामतीची. लोकसभेच्या मतदानासाठी नेमणूक इंदापूर तालुक्यात झाली होती. बोटाची शाई न्याहाळीत एका आजींनी विचारले, "गुरुजी, येवढ्या नावांत आमच्यातलं कुणी हाय का वो?" उत्तर देण्याची मला मुभा नव्हती, असती तरी देता आले नसते.

चित्रपटावर माझा आक्षेप नेमका येथेच आहे. पेटी दारोदार जाते, पण यादी कोण करतो? अध्यक्षपदाचेच पाहा. इराणात अध्यक्ष थेट जनता निवडते. कुणालाच निम्म्याहून अधिक मते न पडल्यास पहिल्या दोघांत पुन्हा सामना होतो. पण त्याआधी १२ जणांचे पालक मंडळ नावे चाळते. त्यांतले ६ धर्मशास्त्री सर्वोच्च नेता नेमतो. ६ कायदेपंडित न्यायखात्याच्या प्रमुखाने सुचविलेल्या नावांतून संसद निवडते. २०२४ मध्ये ८० जणांनी नावे नोंदविली, चाळणीतून ६ उरले. पहिल्या फेरीला शेकडा चाळीसच्या आसपास मतदार आले. स्त्री तर या चाळणीतून आजवर एकही पुढे आलेली नाही. आपला राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात, तुम्हीआम्ही नव्हे. तरी २००७ मध्ये जळगावच्या प्रतिभाताई पाटील त्या पदावर पोहोचल्या.

शेवटी सैनिक मत देतो, आणि चिठ्ठीवर त्या बाईचेच नाव लिहितो! ती उमेदवार नाही. मी मोजणीला असतो, तर नियमाने ते मत बाद केले असते. आणि त्या रात्री मला झोप आली नसती. माझा आक्षेप येथे बराचसा सैल पडला. यादीबद्दल जे बोलायचे, ते पयामींनी या एका चिठ्ठीत बोलून घेतले आहे.

फराळाचे ताट घेऊन घरच्या मंडळींसह हा चित्रपट जरूर पाहा. आजींनाही शेजारी बसवा. त्यांना तो आपल्याआधी कळेल.