समुपदेशनातील 'उपदेश'

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाबाहेरील पदपथावर परगावाहून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक बसलेले दिसतात. "हे माझ्याच वाट्याला का?" हा त्यांचा प्रश्न पुष्कळदा मराठीत विचारला जातो. आपणा श्रद्धावंतांना त्याचे उत्तर देण्याची फार घाई असते. पाळकीय समुपदेशन ही विद्या म्हणजे या घाईवरचाच उतारा होय.

मराठीत मात्र तिचे नावच फसवे आहे. 'समुपदेशन' या शब्दाच्या पोटात 'उपदेश' ठाण मांडून बसला आहे. कार्ल रॉजर्स यांनी 1942 व 1951 सालच्या आपल्या ग्रंथांतून नेमका उलटा आग्रह धरला: सल्ला आवरावा, समोरच्याच्या जागी उभे राहून त्याचे ऐकावे.

1931 साली मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो शिकागोच्या लोयोला विद्यापीठात ही विद्या शिकले. मायदेशी परतल्यावर 1972 साली त्यांनी पुण्यात 'साधना' ही पाळकीय समुपदेशनाची संस्था स्थापन केली. पुढे ती लोणावळ्यास गेली. 1978 सालचे त्यांचे 'साधना' हे पुस्तक मौन, श्वास आणि शरीराच्या संवेदना यांकडे लक्ष वेधीत वाचकाला प्रार्थनेपर्यंत नेते. कान तयार करणारे पुस्तक, असे त्याचे वर्णन करावेसे वाटते.

मात्र 'वन मिनिट विज्डम' (1985) वाचताना मन अडखळते. शिष्य थोडक्यात विचारतो, गुरू त्याहून थोडक्यात उत्तरतो आणि वाचक चकित होतो. कलाकृती म्हणून ही वीण घट्ट आहे. पण ज्याला दोन तास बोलल्याशिवाय मोकळे वाटणार नाही, त्याचे बोलणे येथे कोठे आहे? ऐकण्याची विद्या शिकविणाऱ्या लेखकाच्या पुस्तकात शेवटचा शब्द नेहमी गुरूचाच राहतो. डिमेलोंच्या काही विचारांबाबत रोमने 1998 साली सावधगिरीचा इशारा दिला, तो धर्मसिद्धान्तापुरता होता. येथील आक्षेप वाङ्मयीन आहे.

या संदर्भात फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' (1616) आठवते. त्याच्या आरंभी नवख्रिस्ती श्रोता आपली व्यथा मांडतो: जुनी पुराणे तर आम्हांपासून गेली, आता आम्ही काय वाचावे? पाद्रीगुरूचे पुढील निरूपण प्रदीर्घ आहे खरे; पण त्याला निमित्त झाली ती ऐकून घेतलेली तक्रार, आणि ती ग्रंथात जपली गेली आहे.

पाळकीय शिक्षणात एक उपयुक्त प्रथा आहे: विद्यार्थ्याने रुग्णाशी झालेले संभाषण आठवून शब्दशः लिहून काढायचे आणि आपण कोठे मध्येच बोललो ते तपासायचे. इंग्रजीतून शिकलेल्यांनीही या नोंदी मराठीत लिहाव्यात. 'जीव घाबरा होतो' या शब्दांचे इंग्रजी केले की त्यातला जीव निघून जातो. जानेवारी 1982च्या संपानंतर लालबाग-परळच्या चाळींत बसून कोणी अशा नोंदी ठेवल्या असत्या, तर आज आपल्या वाङ्मयाला केवढे धन लाभले असते!

अम्माऊसच्या वाटेवर पुनरुत्थित प्रभूला सर्व काही ठाऊक होते. तरीही त्याने त्या दोघा खिन्न वाटसरूंना आधी विचारले, आणि त्यांना बोलू दिले. शास्त्राचा उलगडा त्यानंतर झाला. हा क्रम आपण पाळला, तर 'समुपदेशन' हा शब्द बदलण्याची गरज उरणार नाही.