पुंजबिंदू आणि मराठी विज्ञानलेखन : एक चिकित्सा

पुण्याच्या मंडईतील पिकलेले लिंबू लहान असो वा मोठे, पिवळेच असते. पुंजबिंदूंचे, अर्थात क्वांटम डॉट्सचे, तसे नाही. कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे २ नॅनोमीटरचा बिंदू निळा, तर ६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश देतो. पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी यांनी अशा अर्धवाहक नॅनोकणांवर संशोधन केले. तरीही आपले विज्ञानलेखन बहुधा ‘केसाहून सूक्ष्म’ या उपमेपाशीच थांबते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही त्रुटी गंभीर आहे. कारण येथे आकार हे केवळ वर्णन नसून रंगाचे कारण आहे. दूरदर्शनसंचाच्या पडद्यावर उपकारक ठरणारा हाच गुण एकात्मिक फोटॉनिक्समध्ये अडचण ठरतो : आकारात किंचित फरक असलेल्या दोन बिंदूंचे फोटॉन एकसारखे राहत नाहीत. हा पेच वगळून केलेला गौरव विद्यार्थ्याला माहिती देतो, समज देत नाही.