परतलेला शिपाई आणि हातची गेलेली जमीन : 'द सोर्ड अँड द सिकल' या कादंबरीचा पुनर्विचार

युद्धोत्तर कादंबरी म्हटली की साहित्याच्या वर्गात प्रथम आठवतो तो व्हर्जिनिया वुल्फ यांच्या 'मिसेस डॅलोवे' (१९२५) मधील सेप्टिमस. मित्र इव्हान्स युद्धात मरतो, सेप्टिमसला काहीच वाटत नाही, आणि हे 'न वाटणे'च त्याला अखेर खिडकीतून उडी घेण्यापर्यंत नेते. हा नमुना इतका रूढ झाला आहे की, परतलेल्या सैनिकाचे दुःख म्हणजे मनाचा विकार, असे समीकरण आपण नकळत गृहीत धरतो. मुल्कराज आनंद यांची 'द सोर्ड अँड द सिकल' (१९४२) ही कादंबरी या समीकरणात बसत नाही. 'अनटचेबल' (१९३५) आणि 'कुली' (१९३६) यांच्या मानाने तिची चर्चा कमी होते, याचे एक कारण कदाचित हेच असावे. लालसिंग ऊर्फ लालू या माजी सैनिकाच्या चित्रणाच्या अंगाने तिचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'द व्हिलेज' (१९३९) आणि 'अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स' (१९४०) यांच्यानंतरची ही त्रिधारेतील शेवटची कादंबरी. पंजाबातील नंदपूर गावचा लालू फ्लँडर्सच्या खंदकांत लढतो, जर्मनांच्या हाती सापडतो आणि युद्ध संपल्यावर मायदेशी परततो. कैदेत असताना राजद्रोही विचारांचा संसर्ग झाला असावा, या संशयामुळे इनाम, बढती, पेन्शन यांपैकी काहीच त्याच्या पदरी पडत नाही. हा संशय निव्वळ कल्पित नव्हे. बर्लिनजवळच्या छावणीत हिंदी युद्धकैद्यांमध्ये ब्रिटिशविरोधी प्रचार होत होता, हा इतिहास आहे. गावी आल्यावर आई वारल्याचे व घरदार, जमीन हातची गेल्याचे त्याला कळते. ज्या जमिनीसाठी रक्त सांडले, तीच उरलेली नाही. स्वतः आनंद यांचे वडील लष्करात कारकून होते. त्यामुळे कागदावरच्या एका शेऱ्याने शिपायाचे आयुष्य कसे फिरते, हे त्यांनी जवळून पाहिले असणार.

लालूला खंदकांची भीषण स्वप्ने फारशी पडत नाहीत. टीकाकार हा दोष मानतील, आणि मानसचित्रणाच्या दृष्टीने तो काही प्रमाणात आहेही. परंतु त्याची खरी जखम शोधायची तर दुसऱ्या कादंबरीकडे वळावे लागते. तेथे फ्रान्समधील एका शेतकरी कुटुंबात तो वावरतो. ती माणसेही शेतीच करतात, पण कोणाच्या पायाशी बसत नाहीत, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. एकदा ही तुलना मनात शिरल्यावर गावच्या जमीनदारापुढे पूर्वीसारखे वाकणे त्याला अशक्य होते. हिंदी शिपायाला युद्धाने दिलेली ही जखम सेप्टिमसच्या जखमेपेक्षा निराळी आहे. तिच्यावर उपाय करू पाहणारा डॉक्टर कादंबरीत नाही, आणि त्याची गरजही लेखकाला भासत नाही.

येथे महाराष्ट्राचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. १९१६ च्या एप्रिलमध्ये कूत येथे शरण गेलेल्या फौजेतही मराठा शिपाई होते. १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण युद्धानंतर, १९२१ पर्यंत, मोडीत काढली गेली. त्याआधी १८९४ मध्येच गोपाळबाबा वलंगकर या पेन्शनर सैनिकाने महारांच्या बंद झालेल्या भरतीविरुद्ध विनंतीपत्र तयार केले होते. या शिपायांच्या दृष्टीने पलटण सुटणे म्हणजे पगार बंद होण्याबरोबरच गावाच्या जातिव्यवस्थेत पुन्हा पाऊल टाकणे होते. गोऱ्या सोजिरांचे उतरलेले कपडे अंगावर मिरवणारा बखा ज्यांनी निर्माण केला, त्या आनंदांनी या त्रिधारेत मात्र गमावायला जमीनच नसलेला सैनिक केंद्रस्थानी आणू नये, ही उणीव जाणवते. लालूच्या दुःखाची सुरुवात सातबारापासून होते. ज्याच्या नावे सातबाराच नाही त्याच्या दुःखाची भाषा कादंबरीला सापडलेली नाही.

उत्तरार्धात लालू अवधमधील राजगढच्या शेतकऱ्यांत काम करू लागतो. येथे कथानकाला १९२०-२१ च्या किसान चळवळीचा आधार आहे. त्या चळवळीतील बाबा रामचंद्र हे मूळचे मराठी, श्रीधर बळवंत जोधपूरकर; फिजीत गिरमिटिया मजूर म्हणून राबून आलेले. परदेश पाहून परतलेला मनुष्य किसानांचा पुढारी होतो, ही लालूची वाट आनंदांना इतिहासातच आढळली असती. दुर्दैवाने कादंबरीत याच ठिकाणी वादविवादांना ऊत येतो. काउंट रामपाल सिंग आणि त्यांचे सहकारी पानेच्या पाने बोलत राहतात, गांधीजींची भेट होते, आणि लालू ऐकणारा म्हणून उरतो. शिपाई म्हणून अंगी आलेली शिस्त, शस्त्राची ओळख, मृत्यूची सवय यांचे चळवळीत काय झाले, हा अत्यंत महत्त्वाचा प्रश्न चर्चेच्या गदारोळात हरवतो.

वेवजी ज्या तलासरी तालुक्यात येते, त्याच तालुक्यातील झरी येथे १९४५ च्या मे महिन्यात वारल्यांची परिषद झाली आणि वेठीविरुद्धचा लढा पेटला. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हे त्या लढ्याचे अनुभवकथन आहे, कादंबरी नव्हे. तरीही दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. परुळेकरही बाहेरूनच आल्या होत्या. परंतु वारल्याने प्रथम 'नाही' म्हणण्यापूर्वीची त्याची भीती त्या तपशिलाने नोंदवतात. आनंदांच्या राजगढमध्ये ही भीती दिसण्यापूर्वीच घोषणा ऐकू येतात. वेठीच्या आठवणी ज्यांच्या घरात आजही सांगितल्या जातात, अशा विद्यार्थ्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

कादंबरीच्या शेवटी लालू तुरुंगात आहे आणि मायाला मुलगा होतो. नव्या पिढीच्या आशेचे हे चित्र काहीसे घाईचे वाटते. पंधराशेहून अधिक दिवस चाललेल्या युद्धाचा जो हिशेब घेऊन लालू मुंबई बंदराच्या बाजूने देशात शिरला असेल, तो सरकारदरबारी कोणीच चुकता केलेला नाही आणि लेखकही तो पुन्हा उघडत नाही.