नाबाद ४४३ : अर्धवट राहिलेला आकडा

आष्टीला गेलो की पारावरच्या क्रिकेटगप्पांत भाऊसाहेब निंबाळकर हमखास निघतात. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना. काठियावाड २३८, महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ पेक्षा नऊच कमी, अन् काठियावाडनं सामनाच सोडून दिला!

'विक्रम हिरावला' असं आपण बिनधास्त लिहितो. पण तो झालाच असता, हे कशावरून? पुढच्याच चेंडूवर ते बाद झाले असते तर? संख्याशास्त्रात अशा आकड्याला 'सेन्सॉर्ड' म्हणतात : किमान एवढं, पुढचं ठाऊक नाही. तुमच्या अभ्यासातून मध्येच गेलेला माणूसही तसाच. त्याची शेवटची नोंद अंतिम धरू नका. आणि तो का गेला, तेही लिहून ठेवा. ४४३ वर डाव थांबला तो पावसानं नाही, मार खाणारे उठून गेले म्हणून.