दिगूचे हसू आणि आमची फाईल

जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ १९७९ मध्ये आला. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा. राजकारणातले सौदे पाहून पाहून पत्रकार दिगू टिपणीस शेवटी भ्रमिष्टासारखा हसत सुटतो. निळू फुल्यांनी ते हसू असे काही उभे केले आहे, की ते विसरता येत नाही. माझा आक्षेप अभिनयाला नाही. हा धक्का नेमका कोणाचा, एवढेच मला विचारायचे आहे.

भ्रमनिरास व्हायला आधी भ्रम असावा लागतो. सत्तेचे घर ज्याला कधीकाळी आपले वाटले, तोच ते विकले जाताना पाहून कोसळतो. १९८२ च्या जानेवारीत सिमेंटच्या कोट्याची आणि देणग्यांची सांगड उच्च न्यायालयात उघडी पडली, अंतुल्यांना जावे लागले. पांढरपेशा चिडला, कारण त्याला घर बांधायचे होते. पत्र्याच्या झोपडीला सिमेंटचा कोटा कुठला?

‘आम्हाला हे ठाऊकच होते’ असे म्हणून आपण मात्र मोकळे होतो. हा शहाणपणा मला अलीकडे संशयास्पद वाटू लागला आहे. मातंग समाजासाठी १९८५ मध्ये अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने महामंडळ निघाले. त्यातल्या कोट्यवधींच्या अपहाराच्या आरोपावरून २०१५ मध्ये माजी अध्यक्षाला, एका विद्यमान आमदाराला, अटक झाली. आरोपांचे खरेखोटे न्यायालयाने पाहावे. मला त्या बातमीसमोर बसलेला माणूस दिसतो. कर्जाची फाईल घालून हेलपाटे मारलेला. आपलाच दाखला अपुरा पडला, आपल्यालाच जामीनदार मिळाला नाही, असे तो इतके दिवस स्वतःला बजावत आलेला. आता त्याने पेटून उठायला हवे. पण संतापाच्या आधी लाज येते. टपरीवर कोणीतरी विचारणार, ‘तुमच्यातलाच ना रे तो?’ तो पेपर घडी करून बाजूला ठेवतो.

‘आदर्श’ प्रकरणात २०१० मध्ये मुख्यमंत्री पायउतार झाले. त्यांच्या जातीच्या कोणा शेतकऱ्याला त्यासाठी टपरीवर मान खाली घालावी लागली काय? दिगूलाही नाही. तो भर रस्त्यात हसू शकतो, त्याची जात कोणी काढत नाही.

त्या घडी केलेल्या पेपरातली लाज आमच्या कथाकारांनी लिहिल्याचे मला तरी आठवत नाही. जमीनदाराविरुद्धचा, पाटलाविरुद्धचा संताप आम्ही ताकदीने लिहिला. आपल्याच माणसाकडून लुबाडले गेल्याचा संशय आणि तो बोलून दाखवला तर वैऱ्याच्या हाती कोलीत जाईल ही धास्ती, या दोहोंत चेंगरलेला माणूस अजून त्या टपरीवरच बसलेला आहे. चहा निवून गेला आहे.